अलाइनमेंट झालं म्हणता, मग आकडे कुठायत?

मंडळी, आपल्याकडे व्हील अलाइनमेंटचा पार सत्यनारायण झालाय. नवीन गाडी घेतली, घाला. लांबचा प्रवास आहे, घाला. बरेच दिवसांत घातला नाही, घाला. आत नेमकं काय झालं ते विचारायचं नाही, पैसे द्यायचे आणि प्रसन्न मनाने घरी यायचं. (ह. घ्या.)

"साहेब, दर पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घेत जा" हे वाक्य कुठल्याही टायरच्या दुकानात ऐकायला मिळतं. माझं त्या पाच हजारांशी फारसं भांडण नाही. पाच हजारांनी तपासा की खुशाल. भांडण आहे ते 'करून घ्या' या शब्दांशी. अलाइनमेंट म्हणजे आधी मोजमाप आणि मग, गरज असलीच तर, दुरुस्ती. मोजमापाचा कागदच हातात मिळत नसेल तर तुम्ही पैसे नक्की कशाचे दिले? आमच्या धंद्यात बग काय होता हे न सांगता कुणी नुसतं "फिक्स केला" म्हणालं तर त्याला मीटिंगमध्ये उभं करतात. टायरवाल्याला मात्र आपण वर चहाचे पैसे देतो.

आता थोडं गणित. पळू नका, सोपं आहे. माणूस चवडे आत वळवून किंवा बाहेर फेकून चालतो ना, तसंच पुढच्या चाकांचं असतं. त्याला टो म्हणतात. समजा १७ इंची रिमच्या एसयूव्हीचा एकूण टो ठरलेल्या मापापेक्षा ३ मिलिमीटरने बिघडलाय. ३ मिलिमीटर म्हणजे जेमतेम दोन नाणी एकावर एक. रिमच्या व्यासावर तो कोन काढला तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला साधारण ०.२ अंश येतो. म्हणजे गाडी एक किलोमीटर पुढे गेली की ते चाक साडेतीन मीटर आडवं ओढलं जातं. दहा हजार किलोमीटरला ३५ किलोमीटर! पुणे स्टेशनपासून जवळजवळ तळेगावपर्यंत टायर आडवा फरफटत न्यावा तसं. (रबर लवचिक असतं, त्यामुळे सगळंच काही घासत नाही, थोडं ते वाकून सोसतं. पण दोन टनी गाडीखाली सोसून सोसून किती सोसणार?) गाडी टायर खाते म्हणतात ती अशी खाते.

आणि यातली खरी गोम अशी, की हा बिघाड दोन्ही चाकांत सारखाच असेल तर तुम्हाला काहीही कळत नाही. डावं चाक जितकं बाहेर वळलंय तितकंच उजवं, त्यामुळे दोघांची ओढाताण एकमेकांना रद्द करते. स्टिअरिंग सरळ, गाडी सरळ, हात सोडला तरी सरळ. "गाडी कुठे ओढत नाही, म्हणजे अलाइनमेंट ओके" हे जे ठाम मत असतं ना, ते इथे साफ झोपतं.

आमच्या मामाचं अगदी असंच मत होतं. त्याची स्कॉर्पिओ आहे, जुन्या बांध्याची, आणि समृद्धीवरून नागपूरला लग्नाला जायचं ठरलं होतं. गाडीत सात माणसं आणि आहेराच्या बॅगा. "मामा, टायर बघितलेस का?" विचारलं तर म्हणाला, "अरे, दोन महिन्यांपूर्वी अलाइनमेंट केलंय. बाहेरून बघ की, नक्षी कशी टकाटक आहे!" बाहेरून खरंच टकाटक होती. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या आतल्या कडेला हात घातला, तर तिथे नक्षी नव्हतीच. गोटा. एका जागी तर बोटाला तार लागली. समृद्धीवर कारला ताशी १२० ची मुभा आहे, खाली तापलेलं काँक्रीट, आणि मामा मुभा वाया घालवणाऱ्यांतला नाही. मी त्याचा हात धरून तिथे लावला. मामा पाच मिनिटं काही बोलला नाही, ही आमच्या घराण्यातली ऐतिहासिक घटना.

दोन महिन्यांपूर्वीच्या बिलावर काय लिहिलं होतं? "अलाइनमेंट: ओके". बस. आधीचा आकडा नाही, नंतरचा नाही. दुसऱ्या मेकॅनिकने गाडी वर उचलून चाक हलवलं तर खालच्या आर्मचा बॉल जॉइंट चक्क खुळखुळत होता. खुळखुळत्या जॉइंटवर अलाइनमेंट करणं म्हणजे डगमगत्या टेबलावर पाणसळ लावणं. मशीनवर आकडा बरोबर येईलही, पहिल्या खड्ड्यात तो परत गेला. जॉइंट बदलला, पुढचे दोन टायर बदलले, मग अलाइनमेंट केलं. अलाइनमेंटला हजाराच्या आत पैसे पडले. टायरचे किती झाले ते मामीसमोर विचारायचं नाही असं ठरलंय.

एसयूव्हीवाल्यांना हे जास्त लागू पडतं, कारण गाडी उंच, टायर जाड, त्यामुळे खड्डा लागलेला आत बसलेल्याला कळतच नाही. हॅचबॅकवाला कळवळून ब्रेक मारतो, आपण तसेच घुसतो. खड्ड्याचा मार मात्र टाय रॉड, बुश आणि आर्मपर्यंत पोचायचा तो पोचतोच. मुंबई-गोवा हायवेचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि त्यानंतरच्या कित्येक पावसाळ्यांत गणपतीला गावी जाणाऱ्यांनी ही परीक्षा दिलीय.

मग करायचं कधी? माझ्या मते किलोमीटरपेक्षा गाडी काय सांगतेय ते बघावं. खड्ड्यात किंवा दुभाजकाला जोरात चाक आपटलं, की लगेच. स्टिअरिंग किंवा सस्पेन्शनचा पार्ट बदलला, की हमखास, तिथे कंजुषी नको. नवीन टायर टाकलेत, तर त्याच दिवशी, नाहीतर जुन्या बिघाडाला नवं खाद्य. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचा लोगो तिरपा राहतोय, तरीही. यातलं काहीच झालं नसेल तर पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आसपास, एकदा मोजून घ्यावं. महिन्यातून एकदा टायरवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. फुकट निदान.

आणि कधी करायचं नाही? ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतंय तर आधी बॅलन्सिंग बघा. ते वेगळं दुखणं आहे, अलाइनमेंटने जाणार नाही. गाडी एका बाजूला ओढतेय तर आधी हवा तपासा. आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे जाणं हा बिघाडच नव्हे. शंका असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा (टायर एकाच दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे नसतील तर). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा, अलाइनमेंटचा नाही.

आपल्या गाडीत काय ऍडजस्ट होतं, हेही माहीत असलेलं बरं. ब्रेझा, क्रेटासारख्या गाड्यांत साधारणपणे फक्त पुढचा टो हलवता येतो. फॉर्च्युनरला पुढच्या खालच्या आर्मला कॅम बोल्ट आहेत, त्यामुळे तिथे कॅम्बर आणि कॅस्टरही लावता येतात. कॅम्बर म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर झुकणं, कॅस्टर म्हणजे सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो तसला तिरपेपणा. तेव्हा ज्या गाडीत कॅम्बरला बोल्टच नाही तिथे कुणी "कॅम्बर सेट केला" म्हणालं तर कसा केला ते विचारा. हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट वाकवणारे महाभागही आहेत. तिथून गाडी सरळ बाहेर काढा. आकडा चुकलाय तो का चुकलाय हे शोधायचं सोडून लोखंड वाकवायचं, ही दुरुस्ती नाही, आकड्यांची सारवासारव आहे.

"मागे काही ऍडजस्ट होत नाही, मग मागे क्लॅम्प कशाला?" हाही एक आवडता युक्तिवाद. बोलेरोला मागे पाटे आणि सलग ऍक्सल, तिथे ऍडजस्ट काही होत नाही हे खरंच. पण मागचा ऍक्सल तिरका बसला असेल तर गाडी त्याच्या दिशेने चालते आणि पुढचं सगळं त्या रेषेशी जुळवावं लागतं. मागे मोजलंच नाही तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून ऍक्सल सरकलाय हे कोण सांगणार?

नव्या गाड्यांत आणखी एक भानगड आहे. ईएससी असलेल्या गाडीला स्टिअरिंग किती वळलंय ते सांगणारा सेन्सर असतो. टाय रॉड फिरवून स्टिअरिंगचा मध्य बदलला तर काही मॉडेल्समध्ये त्या सेन्सरचा शून्यही पुन्हा ठरवावा लागतो. कॅमेरा-रडारवाली ऍडास गाडी असेल तर अलाइनमेंटनंतर त्यांचं कॅलिब्रेशन लागतं का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधी विचारून घ्या. स्वतःहून लेनमध्ये राहणाऱ्या गाडीचा 'सरळ' आणि चाकांचा 'सरळ' वेगळा असणं मला तरी परवडणार नाही.

दुकानात एवढंच सांगायचं: "दादा, आधी हवा भरा, गाडी उचलून जॉइंट हलवून बघा, मग चारही चाकांना क्लॅम्प लावा आणि आधीचे-नंतरचे दोन्ही आकडे प्रिंट करून द्या." प्रिंटर बिघडलाय असं उत्तर हमखास येतं. येऊ दे. मोबाईल काढायचा आणि स्क्रीनचे दोन फोटो घ्यायचे, एक पान्याला हात लावायच्या आधी आणि एक काम झाल्यावर. पहिल्या फोटोत सगळे आकडे हिरवेच असतील तर फक्त तपासणीचे पैसे द्यायचे आणि टाय रॉडला हात लावू द्यायचा नाही.