प्रश्नाच्या पोटांतील प्रश्न

संगणकांत साठविलेल्या कोष्टकांस प्रश्न विचारण्याची जी भाषा आज सर्वत्र रूढ आहे, तिला एस्. क्यू. एल्. असें म्हणतात. आमच्या पिंपरी-चिंचवड भागांत संगणकविषयाचा डिप्लोमा वा पदवी घेऊं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांस ती शिकावी लागते. आणि पुढें भोसरी, आकुर्डी किंवा चाकण येथील कारखान्यांत स्टोअर, तपासणी अथवा डिस्पॅचच्या खात्यांत जे नोकरीस लागतात, त्यांतील पुष्कळांचा तिच्याशीं संबंध येतो. या भाषेंत एका प्रश्नाच्या आंत दुसरा प्रश्न घालतां येतो. त्यास नेस्टेड क्वेरी असें नांव आहे. आम्ही त्या आंतल्या प्रश्नास पोटप्रश्न म्हणूं, कारण पोटकलम व पोटनियम हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. या पोटप्रश्नाविषयीं विद्यार्थिवर्गांत असा एक समज दिसतो कीं, प्रकरण अवघड आहे, तें परीक्षेपुरतें पाठ करावें, आणि हल्लीं साध्या वाक्यांत विचारलें असतां यंत्रच क्वेरी लिहून देत असल्यामुळें तें न शिकलें तरी चालेल. हा समज आम्हांस घातक वाटतो. तो कां वाटतो, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम अवघडपणाविषयीं. मराठी बोलणाऱ्यानें तरी ही तक्रार करूं नये. “ज्यांचा माल या महिन्यांत परत गेला, त्यांचीं नांवें द्या” हें वाक्य आपण सहज बोलतों, आणि हाच पोटप्रश्न होय. ‘ज्यांचा’ हा भाग आंतला, ‘त्यांचीं’ हा भाग बाहेरचा. स्टोअरमधील जुना कारकून हें काम हातानें करी, तेव्हांहि क्रम हाच असे: आधीं परत गेलेल्या मालाच्या चिठ्ठ्या पाहून पुरवठादारांचे क्रमांक काढावयाचे, आणि मग ते क्रमांक घेऊन पुरवठादारांच्या वहींत नांवें पाहावयाचीं. एस्. क्यू. एल्. मध्यें बाहेरचा प्रश्न आधीं लिहितात, म्हणजे ‘सिलेक्ट नांव फ्रॉम पुरवठादार व्हेअर क्रमांक इन’, आणि त्यापुढें कंसांत आंतला प्रश्न. एवढी उलटापालट ध्यानांत आली कीं अर्धी भीति गेली. आमची सूचना अशी कीं, विद्यार्थ्यानें प्रथम ‘ज्या-त्या’चें मराठी वाक्य कागदावर लिहावें, जें ‘ज्या’चें असेल तें कंसांत घालावें.

ही भाषा ज्यांनीं निर्माण केली त्यांचाहि हेतु असाच होता. एड्गर कॉड यांनीं १९७० सालीं माहिती कोष्टकांच्या रूपानें ठेवण्याचें तत्त्व मांडलें, आणि त्यावरून आय. बी. एम्. कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं ही भाषा प्रसिद्ध केली. गणिती चिन्हें न जाणणाऱ्या सामान्य माणसास प्रश्न विचारतां यावा, ही त्यांची इच्छा होती. तिच्या नांवांत ‘रचनाबद्ध’ या अर्थाचा जो शब्द आहे, तो मूळच्या पोटप्रश्नांच्या मांडणीवरूनच आला, असें जाणकार सांगतात.

आतां हें ज्ञान आमच्या भागास किती निकडीचें आहे तें पाहा. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स स्थापन झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, २००९ सालीं चाकणास जर्मन मोटारींचे कारखाने उघडले. आणि या मोठ्या कारखान्यांच्या आश्रयानें भोसरीपासून चाकणापर्यंत जॉबवर्क करणारीं असंख्य लहान वर्कशॉपें उभीं राहिलीं. एका वाहनाचे सुटे भाग हजारोंनीं मोजावे लागतात, आणि ते एका छपराखालीं होत नाहींत. समजा, एका भट्टींतून निघालेल्या बोल्टांना नीट पाणी दिलें गेलें नाहीं, आणि तें दोन महिन्यांनीं उघडकीस आलें. हातांत आहे तो केवळ त्या भट्टीच्या घाण्याचा क्रमांक. विचारावयाचें तें असें कीं, कोणतीं वाहनें परत बोलवावीं? तेव्हां सर्वांत आंतला प्रश्न: तो घाणा कोणकोणत्या लॉटमध्यें वांटला गेला? त्याच्या बाहेरचा: ते लॉट कोणकोणत्या आंसांच्या जोडणींत लागले? आणि सर्वांत बाहेरचा: ते आंस कोणत्या वाहनांस बसविले? मोटार वाहन अधिनियमांत २०१९ च्या सुधारणेनें कलम ११०-अ घातलें असून सदोष वाहनें परत बोलाविण्याचा हुकूम करण्याचा अधिकार सरकारास दिलेला आहे. परंतु हुकूम झाला तरी वाहनांची यादी शेवटीं याच तीन पदरी प्रश्नांतून निघावयाची. आंतल्या पदरांत एक लॉट सुटला, तर कच्च्या बोल्टाचें वाहन कोणा कुटुंबास घेऊन पुणें-नाशिक रस्त्यानें धांवत राहणार.

पोटप्रश्नाचा दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. “ज्या लॉटांत त्या त्या पुरवठादाराच्या सरासरीहून अधिक नग नाकारले गेले, ते लॉट दाखवा.” यांत ‘त्या त्या’ ही जी द्विरुक्ति आहे, तींतच सर्व मर्म आहे. आंतला प्रश्न एकदां सोडवून भागत नाहीं. बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठीं तो नव्यानें विचारावा लागतो, कारण सरासरी कोणाची हें बाहेरची ओळच सांगते. दहा हजार लॉटांचें कोष्टक असेल आणि यंत्र भोळेपणानें प्रत्येक लॉटासाठीं सारें कोष्टक वाचूं लागलें, तर दहा कोटि ओळी वाचाव्या लागतील. पण शहाणा स्टोअरकीपर असें करीत नाहीं. तो आधीं चिठ्ठ्या पुरवठादारांप्रमाणें लावून घेतो आणि मग बसतो. आपल्याच मुंबईंत, पवई येथील आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक एस्. सुदर्शन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत याच युक्तीचा शास्त्रीय विचार आहे: बाहेरच्या ओळी क्रमानें लावल्या असतां आंतला प्रश्न पुनःपुन्हां विचारण्याचा खर्च कसा वांचतो, हें त्यांनीं दाखविलें. (डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स या जगभर वाचल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे हेच सुदर्शन सहलेखक आहेत, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल?) असो. आजचीं यंत्रें ही युक्ति बहुधा आपण होऊन योजितात. सबब वेगाची काळजी विद्यार्थ्यानें प्रारंभीं करूं नये. काळजी करावयाची ती उत्तराच्या खरेपणाची.

आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. समजा, तपासणी खात्याच्या मुख्यानें विचारलें, “ज्यांचा माल या वर्षांत एकदाहि परत गेला नाहीं, असे पुरवठादार कोण?” लिहिणारा सरळ लिहितो: ज्यांचा क्रमांक परत मालाच्या कोष्टकांत ‘नॉट इन’ आहे, ते सर्व. प्रश्न अगदीं निर्दोष दिसतो. पण रात्रपाळीस कोणा थकलेल्या कारकुनानें एका परत-चिठ्ठीवर पुरवठादाराचा क्रमांक लिहावयाचा राहिला आहे, व तो रकाना कोरा आहे. आतां उत्तर काय येईल? एकहि नांव येणार नाहीं. शेंकडों पुरवठादारांतून एकहि नाहीं! कारण या भाषेंत खरें व खोटें यांच्या जोडीस ‘अज्ञात’ अशी तिसरी अवस्था आहे. कोऱ्या रकान्यांत कोणाचाहि क्रमांक असूं शकेल. यास्तव कोणाविषयींहि “हा त्या यादींत नाहीं” असें यंत्र छातीठोकपणें म्हणूं शकत नाहीं, आणि ज्याविषयीं खात्री नाहीं तें नांव तें उत्तरांत घालीत नाहीं. यंत्राचा तर्क पाहतां तो चुकीचा म्हणतां येत नाहीं. पण साहेबांच्या मेजावर जाणारा कागद कोरा, आणि त्यावरून काढलें जाणारें अनुमान हें कीं, आपल्याकडे एकहि पुरवठादार धड नाहीं.

जाणते शिक्षक यावर तोड सांगतात कीं ‘नॉट इन’ न लिहितां ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहावें, म्हणजे प्रत्येक पुरवठादारासाठीं “याच्या नांवाची परत-चिठ्ठी अस्तित्वांत आहे काय” असें विचारावें. ही तोड चांगली आहे, व ती शिकवावीच. परंतु येथें थोडें थांबावें असें आम्हांस वाटतें. ती कोरी चिठ्ठी कोणाची तरी होतीच ना? नव्या मांडणींत ती चिठ्ठी हिशेबांतूनच गळून जाते, आणि जिचा तो सदोष माल होता ती पेढीहि निष्कलंकांच्या यादींत मानानें बसते. म्हणजे पहिल्या रीतीनें सर्व साव चोरांबरोबर गेले, दुसऱ्या रीतीनें एक चोर सावांत आला. क्वेरी कशीहि लिहा. एकदां उठून गेटवरची वही उघडून तो क्रमांक शोधल्यावांचून गत्यंतर नाहीं. जो विद्यार्थी पोटप्रश्न स्वतः रचतो, त्यालाच हें सुचतें.

अशी चूक नवशिक्यांचीच होते असें कोणी समजूं नये. १९८२ सालीं वॉन किम या विद्वानानें, पोटप्रश्न सपाट करून दोन कोष्टकांच्या जोडणीच्या रूपांत आणण्याच्या रीति एका मोठ्या निबंधांत सांगितल्या. त्यांत मोजणीचे पोटप्रश्नहि होते. १९८४ सालीं वर्नर कीसलिंग यांनीं दाखवून दिलें कीं, त्या रीतीनें शून्य गळतें. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर “ज्यांचा माल दोनांहून कमी वेळां परत गेला ते पुरवठादार” असें विचारून आधीं परत-चिठ्ठ्यांची पुरवठादारवार मोजणी केली आणि मग ती पुरवठादारांच्या कोष्टकाशीं जोडली, तर ज्याची एकहि चिठ्ठी नाहीं तो मोजणींतच येत नाहीं. आणि जो सर्वांत उत्तम, तोच उत्तमांच्या यादींतून बाहेर पडतो. पुढें १९८७ सालीं गान्स्की व वाँग यांनीं, ज्याची जोडी जुळत नाहीं अशी ओळहि राखून ठेवणारी जोडणी योजून हा दोष काढला. ‘त्या त्या’चा पोटप्रश्न जसाच्या तसा विचारला असतां मोजणी शून्य येते व नांव कायम राहतें. ज्या लहान वर्कशॉपाची पुढील ऑर्डर अशा यादीवर अवलंबून असेल, त्याच्या मालकास हा भेद पंडितांचा काथ्याकूट वाटणार नाहीं.

कोणी म्हणतील कीं, जोडणीनेंच बहुतेक कामें होतात, पोटप्रश्नाचा आग्रह कशास? बहुतेक होतात, हें खरें. आमचा जोडणीस विरोध नाहीं; परंतु जोडणींत तीन वेळां माल परत गेलेल्या पेढीचें नांव तीनदां छापून येतें, आणि मग तें पुसण्यासाठीं आणखी एक शब्द घालावा लागतो. प्रश्न ज्या रूपांत मनांत आला त्याच रूपांत लिहिणें नवशिक्यास अधिक सुरक्षित आहे.

राहिलीं क्वेरी लिहून देणारीं यंत्रें. तीं वापरूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. साध्या कामांत त्यांनीं वेळ वांचतो. पण वर सांगितलेल्या एकाहि ठिकाणीं संगणक तांबड्या अक्षरांत ‘चूक’ असें दाखवीत नाहीं. उत्तर येतें, नीटनेटकें येतें, आणि चुकीचें असतें. ‘एकदाहि नाहीं’ या दोन शब्दांत कोरी चिठ्ठी दडलेली आहे, हें ज्याला ठाऊक नाहीं, तो यंत्राची क्वेरी वाचून तरी काय तपासणार? चाकणच्या कारखान्यांत आपल्या मुलांनीं केवळ बटण दाबणारे व्हावें कीं उत्तरावर सही करणारे व्हावें, हा प्रश्न येथें आहे.

याकरितां आमचें शिक्षकांस एक मागणें आहे. पवईच्या त्याच आय. आय. टी. मध्यें ‘एक्सडेटा’ नांवाचें एक साधन तयार झालें आहे. चुकीची क्वेरी उघडी पडेल अशीं लहान लहान कोष्टकें तें बनवितें, व त्यावरून विद्यार्थ्यांच्या उत्तरांची पारख होते. तें साधन प्रत्येक वर्गांत येईल तेव्हां येवो. तोंवर शिक्षकांनीं स्वतःच अशीं कोष्टकें करावीं. हजार ओळी नकोत. पुरवठादार चार आणि चिठ्ठ्या सहा पुरेत. त्यांत एक पुरवठादार असा असावा कीं ज्याची एकहि चिठ्ठी नाहीं, एकाच्या तीन असाव्या, उरलेल्या दोघांची प्रत्येकीं एक असावी, आणि एक चिठ्ठी कोऱ्या क्रमांकाची असावी. विद्यार्थ्यानें आधीं हातानें उत्तर काढावें, मग क्वेरी लिहावी, आणि दोहोंचा मेळ बसेपर्यंत जागेवरून उठूं नये. एवढें कोष्टक खडूनें फळ्यावर मावतें.