डबा कोणाचा, बोजा कोणावर?

काचेच्या जाड नळीचा, पाठीमागे फुगलेला जुना दूरचित्रवाणी संच भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या परिसरातून, सणसर-लासुर्ण्याच्या घरांतून, अद्याप पुरता हद्दपार झालेला नाही. तो चालतो, परंतु स्वतःच्या बळावर त्याला आता काही दाखविता येत नाही. केबलवरील जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण कायद्यानेच थांबविण्यात आले, आणि दूरदर्शननेही सामरिक महत्त्वाची सुमारे ५० ठिकाणे वगळता आपले जुने भूप्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरविले. संच आपला, वीज आपली. पण मध्ये ‘सेटअप बॉक्स’ बसविल्यावाचून पडदा काळाच राहणार. हा डबा कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या हितासाठी आला, याचा विचार व्हावयास हवा.

केबलचे अंकीकरण २०११ च्या दुरुस्ती कायद्याने सक्तीचे झाले. मुंबईस २०१२ मध्ये, पुणे व सोलापूर यांस २०१३ मध्ये मुदत देण्यात आली. इतर शहरी भागांचा क्रम त्यानंतर लागला. खेड्यांसाठीची अखेरची तारीख वारंवार पुढे ढकलत ३१ मार्च २०१७ ठरली. प्रेक्षकास स्वच्छ चित्र आणि अधिक वाहिन्या मिळतील, असे त्या वेळी सांगण्यात आले, आणि ते खोटे नव्हते. पण खरी तक्रार प्रेक्षकाची नव्हतीच. केबलचालक ग्राहकांची संख्या दडवितो आणि आपला वाटा बुडतो, ही तक्रार वाहिन्यांच्या मालकांची होती; कर बुडतो, ही सरकारची. डब्याने प्रत्येक घर मोजता येऊ लागले. ज्यांचा वसूल वाढावयाचा होता त्यांच्या मोजमापाचे यंत्र मात्र ग्राहकाने आपल्या खर्चाने घरात आणून ठेवले. अर्थशास्त्रात याला खर्च दुसऱ्यावर ढकलणे म्हणतात.

पूर्वी संचासाठी टपाल कचेरीत परवाना शुल्क भरावे लागे. १९८० च्या दशकात ते रद्द झाले तेव्हा सामान्य माणसास हायसे वाटले होते. तेच शुल्क आज दर महिन्यास, आणि खाजगी हातांत, द्यावे लागते. २०१९ मध्ये लागू झालेल्या दरपत्रकाने पहिल्या १०० वाहिन्यांसाठी १३० रुपयांपर्यंत जोडणी आकार आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आकारण्याची मुभा दिली. सशुल्क वाहिन्यांचे मोल निराळे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान वेतन २०१४ साली १००० रुपये ठरले होते. या किमान रकमेवर दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्याच्या उत्पन्नाचा सातवा हिस्सा, एकही मालिका विकत घेण्यापूर्वीच, केवळ तारेपोटी जातो. पुढे २०२४ मध्ये या आकारावरील कमाल मर्यादाच नियामकाने काढून घेतली आणि दर बाजारावर सोपविला. भवानीनगरसारख्या गावी केबलवाला बहुधा एकच असतो; तेथे बाजार कशास म्हणावयाचे?

भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेने २००९ मध्ये जुने प्रक्षेपण बंद केले, तेव्हा जुना संच वापरणाऱ्यांना डबा घेता यावा म्हणून प्रत्येक घरास ४० डॉलरची दोन कूपने मागणीनुसार दिली. ब्रिटनने पंचाहत्तरी ओलांडलेल्या व अपंग नागरिकांच्या घरी माणूस पाठवून डबा जोडून देण्याची योजना राबविली. आपल्याकडे केंद्राने २०२३ मध्ये ८ लाख मोफत डबे देण्याचे जाहीर केले, ते दुर्गम, आदिवासी आणि सीमाभागांसाठी. ते योग्यच होते. परंतु गरिबी केवळ सीमेवर राहत नाही. ती नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यातही राहते.

डबा जोडणे तसे अवघड नाही, आणि ते न कळल्यामुळे चांगला संच भंगारात जाऊ नये. संचाच्या मागे वा पुढे पिवळे, पांढरे, तांबडे भोक असेल तर त्याच रंगांच्या तारा जोडाव्यात. पिवळी चित्राची, उरलेल्या आवाजाच्या. एकच कर्णा असलेल्या संचास पिवळी व पांढरी पुरते. नंतर संच ‘एव्ही’वर ठेवावा; बहुतेकांचे घोडे येथेच अडते, आणि डबा बिघडला असे समजून ते केबलवाल्यास बोलावतात. केवळ ॲन्टेनाचे भोक असलेल्या फार जुन्या संचास मॉड्युलेटर नावाची छोटी पेटी मध्ये लावावी लागते. निव्वळ एचडीएमआयची सोय असलेला नवा डबा मात्र जुन्या संचासाठी घेऊ नये. दुकानदार हे सांगेलच असे नाही.

महिन्याचा आकार टाळावयाचा तर दूरदर्शनची ‘फ्री डिश’ आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेस सुमारे २००० रुपये एकदाच लागतात. आपल्या भागात छत्रीचे तोंड आग्नेयेस, बरेच वर करून ठेवावे लागते. तीवर सह्याद्री दिसते. पण जागा लिलावाने विकल्या जात असल्यामुळे हिंदीच्या मानाने मराठी फार थोडी. गाळप हंगामात बीडहून येऊन कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबास मात्र हीच सेवा परवडणारी, कारण छत्री बैलगाडीतून हलविता येते. केबलचा डबा गावाच्या तारेशी बांधलेला. एका कंपनीचा डबा दुसरीच्या सेवेस चालावा, अशी शिफारस नियामकाने एप्रिल २०२० मध्ये केली होती. ती अमलात येती तर निदान नवा डबा घेण्याचा भुर्दंड वाचता.

तमिळनाडूत सरकारी ‘अरसू’ केबल महामंडळाने महिना ७० रुपयांत जोडणी दिली होती. सरकारच्या हाती तार गेली की नकोशी वाहिनी गायब होते, हा आरोप तेथेही झाला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणूनच सरकार व कंपनी यांखेरीज तिसरा मार्ग इंदापूर-बारामतीने तरी सुचवावयास हवा होता. ऊस, दूध, पाणी आणि पत या सर्वांसाठी ज्यांनी सहकारी संस्था काढल्या, त्यांना तारेची सहकारी संस्था सुचू नये याचे आम्हांस नवल वाटते. कामगारांच्या पतसंस्थांनी निवृत्तांसाठी बिनव्याजी छत्री-डब्याची योजना काढावी, आणि कारखान्याने पुढील हंगामात कोप्यांच्या तळावर किमान एक सामायिक संच, डबा व त्यासाठी वीज पुरवावी. यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. संचालक मंडळाचा एक ठराव पुरेल.