चाळीतून टॉवरमध्ये, पिंजऱ्यासह

कुत्रा पाळण्यावरून गृहनिर्माण संस्थांमध्ये होणारे तंटे मुंबईकरांना नवे नाहीत. या कटकटीत न पडता मुलांचा हट्ट पुरविण्याचा सोपा मार्ग म्हणून गिरगाव, दादर, परळ, लालबाग भागातील घरांत हॅमस्टरचा शिरकाव झाला आहे. हा प्राणी मुठीत मावतो, भुंकत नाही, त्याला फिरायला न्यावे लागत नाही आणि सेक्रेटरीच्या परवानगीचाही प्रश्न येत नाही. कुत्र्याच्या पिल्लाच्या तुलनेत त्याची किंमतही किरकोळ. मात्र जो प्राणी स्वस्तात येतो, त्याच्याविषयी माहिती करून घेण्याचे कष्टही सहसा कोणी घेत नाही, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

कुरतडणाऱ्या प्राण्याला मुंबईने आपणहून घरात घ्यावे, यात एक ऐतिहासिक विसंगती आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. डॉ. वॉल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली. पुढे प्लेगच्या संशोधकांनी बाधित घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा होतात का, हे तपासले आणि रोगाचा प्रवास उलगडला. पावसाळ्यात लेप्टोच्या बातम्या येऊ लागल्या की आजही महापालिकेचा कीटकनाशक विभाग उंदरांच्या मागे लागतो. त्यामुळे ‘उंदीर कशाला घरात?’ हा आजीचा प्रश्न अगदीच गैरलागू म्हणता येत नाही. हाँगकाँगमध्ये जानेवारी २०२२ मध्ये एका दुकानातील हॅमस्टरना कोविडची लागण झाल्याचे आढळल्यावर सुमारे दोन हजार लहान प्राणी मारण्यात आले होते. तरीही नेहमीच्या जीवनात घरातल्या स्वच्छ पिंजऱ्यातील हॅमस्टरपासून माणसाला असलेला धोका मर्यादितच आहे. पिंजरा साफ केल्यावर साबणाने हात धुणे आणि गटारातल्या उंदरांची विष्ठा-मूत्र त्याच्या दाण्यापर्यंत पोहोचू न देणे, एवढी दक्षता पुरते. माणसापासून हॅमस्टरला असलेला धोका मात्र बराच मोठा आहे.

पाळीव हॅमस्टरमध्ये सर्वाधिक परिचित असलेला सोनेरी अर्थात सीरियन हॅमस्टर मूळचा सीरियातील अलेप्पो परिसरातला. १९३० मध्ये इस्रायल अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञाने तेथील शेतातल्या बिळातून एक मादी आणि तिची पिले खणून काढली. जेरुसलेममधील सॉल अ‍ॅडलर यांना काळा आजारासारख्या रोगांच्या अभ्यासासाठी ती हवी होती. वाटेत काही मेली, काही निसटली. उरलेल्या मोजक्या भावंडांपासून आज जगभर पाळल्या जाणाऱ्या बहुतेक सोनेरी हॅमस्टरांचा वंश वाढला. हा प्राणी मुळात बिळात एकटा राहणारा आणि रात्री जागणारा. दुकानदारीला नेमके हेच सोयीचे नसते.

आपल्याकडे पक्षी ‘जोडी’ने घेण्याची रीत आहे. लव्हबर्ड्सची जोडी, फिंचची जोडी. मग हॅमस्टरचीही जोडीच मागितली जाते आणि ‘एकटा कंटाळेल’ या कळवळ्याने ती दिलीही जाते. प्रत्यक्षात प्रौढ सीरियन हॅमस्टर दुसऱ्याला सहन करीत नाही. भांडणे रक्तबंबाळ होईपर्यंत जातात. नर-मादी असतील, तर अवघ्या सोळा दिवसांच्या गर्भारपणानंतर पिंजऱ्यात अर्धा डझनाहून अधिक पिले दिसतात. त्रास दिला किंवा जागा अपुरी पडली, तर आई पिले खातेही. शाळकरी मुलाने सकाळी उठून हे दृश्य पाहिले, तर घरात काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

जागेचा प्रश्न तर मुंबईत सर्वांनाच छळतो. जर्मनीतील पशुवैद्यकीय तज्ज्ञांची संघटना एका हॅमस्टरसाठी किमान १०० बाय ५० सेंटिमीटर तळाचा पिंजरा सुचविते. म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फूट. बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. तिचा तिसावा हिस्सा एका मूठभर प्राण्याला द्यायचा, हे ज्या खोलीत सात-आठ माणसे झोपत होती तिथे हास्यास्पदच ठरले असते. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. अशा वाढलेल्या घरात मुलाची स्वतंत्र खोली, निदान स्वतंत्र कोपरा, प्रथमच शक्य होतो आणि प्राण्याची मागणीही तिथेच उठते. पिंजरा मात्र बहुधा बुटांच्या खोक्याएवढाच येतो. बर्न विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले की तळाशी जेमतेम १० सेंटिमीटर भुसा असलेले हॅमस्टर गज अधिक कुरतडतात. खोल भुश्यात बीळ खणू दिले की ती सवय कमी होते. ‘किती खेळकर आहे’ असे म्हणत आपण ज्याचे मोबाइलवर चित्रीकरण करतो, ती त्याची तडफड असू शकते. चाकही लहान असेल, तर पाठीचा कणा वाकतो.

सर्वांत गंभीर बाब उन्हाची. हॅमस्टरला घाम येत नाही, त्यामुळे पंख्याच्या वाऱ्याने त्याला आपल्यासारखा गारवा मिळत नाही. साधारण १८ ते २६ अंश तापमान त्याला मानवते. मुंबईत मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दुपारचा पारा याच्या बराच वर असतो. आईवडील कामावर, मुले शाळेत, खिडक्या बंद, पिंजरा ग्रिलपाशी आणि एसी फक्त रात्री, हा टॉवरमधील मध्यमवर्गीय दिनक्रम या प्राण्याच्या मुळावर येतो. भिंतीलगतची सावलीची जागा, खाली थंड लादीचा तुकडा, कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली असे साधे उपाय आहेत. पण ते दुपारी करायला घरात कोणीतरी हवे. शिवाय लालबागच्या ढोल-ताशांचा आणि दिवाळीच्या फटाक्यांचा आवाज त्याच्या कानांना आपल्यापेक्षा अधिक बोचतो.

कायदा या प्राण्याला ओळखत नाही, असे नाही. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत हॅमस्टरचा नावानिशी उल्लेख आहे. दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आणि खरेदी-विक्रीच्या नोंदी त्यात बंधनकारक आहेत. अपुऱ्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हा १९६० च्या कायद्यानुसार गुन्हाच आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये. त्यात आज वडापावही दोन-तीनच येतील. कायद्याची जरब नसल्याने जबाबदारी खरेदीदारावर येते, आणि नोंदणी क्रमांक विचारणारा ग्राहक विरळाच.

औषधोपचाराच्या बाबतीत या भागातील रहिवासी तुलनेने भाग्यवान म्हणायचे. परळचे ‘बैलघोडा’ रुग्णालय आणि १८८६ मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. तथापि हॅमस्टर आजार लपवितो. शेपटीपाशी ओलसरपणा दिसला, तर अतिसाराने तो दोन दिवसांतही दगावू शकतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. ‘शंभर-दोनशेच्या प्राण्यावर हजाराचा खर्च कशाला?’ हा हिशेब नेमका त्याच वेळी मनात येतो. सारे सुरळीत झाले तरी त्याचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. पाचवीत आणलेला हॅमस्टर मूल आठवीत जाईपर्यंत बहुधा उरत नाही, हे आणण्याआधीच सांगितलेले बरे.

आणि गणपतीत घर बंद करून कोकणात जायचे, तेव्हा काय? चाळीत शेजारच्या काकूंकडे किल्ली असे. पिंजराही त्यांच्याकडे सहज गेला असता. टॉवरमध्ये समोरच्या दाराआड कोण राहते, हेच अनेकांना ठाऊक नसते. रात्रीची एसटी, सोबत गर्दी आणि मांडीवर पिंजरा, असा प्रवास हॅमस्टरला सोसवत नाही. आठ दिवसांचे दाणे एकदम टाकून निघण्याइतका तो सोशिकही नाही. पाण्याची बाटली अडकली, तरी ती पाहायला कोणी नसते. हॅमस्टर आणण्यापूर्वी दुकानाइतकीच चौकशी मजल्यावरच्या शेजाऱ्यांचीही करावी लागेल.