अण्णांचे दात वयाने गेले नाहीत

अण्णांच्या उशाशी स्टीलचा छोटा डबा असायचा. खडीसाखर आणि लिमलेटच्या गोळ्या. रात्री दोन-तीनदा घशाला कोरड पडायची, की एक गोळी गालात. डबा रिकामा झाला की मीच भरायची. एसटीत 32 वर्षं गाडी चालवलेला, सत्तरीपर्यंत दाताने ऊस सोलणारा माणूस. दोन वर्षांत त्यांचे 7 दात गेले. "वय झालं, पडायचेच," असं आम्ही सगळेच म्हणालो. त्या वाक्याची मला आज लाज वाटते.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा धरून दाखवलं. कीड दाताच्या माथ्यावर नव्हती, हिरडीच्या कडेला होती. वयाबरोबर हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं. मुळावर दाताचं ते टणक कवच नसतं, त्यामुळे साखरेपासून तोंडात तयार होणारं आम्ल त्याला लवकर पोखरतं. एरवी लाळ हे आम्ल धुऊन काढते. अण्णांची लाळच आटली होती. पाय चमकतात म्हणून रात्री ॲमिट्रिप्टिलिन, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी; दोन्हींनी तोंड कोरडं पडू शकतं. त्या कोरडीवर रात्रभर आम्ही साखर चोळत होतो! गोळ्या मनाने बंद करायच्या नसतात, पण लिहून देणाऱ्याने "तोंड कोरडं पडतं का?" एवढं तरी विचारावं. अण्णांना ते कुणीच विचारलं नव्हतं.

आता उशाशी पाण्याचा तांब्या असतो. झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश, कारण झोपेत लाळ आणखी कमी होते. फेस थुंकायचा, पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. मशेरी सोडायला सहा महिने लागले, भांडणंही झाली. हात थरथरतो म्हणून भावाने ब्रशच्या दांड्याला सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवली. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात.

2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचे उपचार आहेत. ते रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी. खुर्चीत बसून दाढ भरून घेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, आणि म्हाताऱ्यांचे दात तर तिथेच वाचतात. गावात रक्तदाब-साखरेचं शिबिर भरतं, दंडाला पट्टा बांधतात, बोटाला सुई टोचतात. त्याच रांगेत बॅटरी घेऊन कुणीतरी तोंडात डोकवावं आणि उघड्या मुळांवर फ्लोराइडचा लेप लावावा, ही माझी मागणी आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, पण आटपाडीची म्हातारी तिथवर कशी जाणार?

अण्णांच्या उजव्या दाढेला बाईंनी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावलं. ना ड्रिल, ना सुई. कीड थांबली, जागा मात्र काळी पडली. अण्णा आता त्याच बाजूने भाकरी चावतात.