फिकट नकाशाचे समाधान

एखाद्या जिल्ह्यात स्त्रियांवरील अत्याचाराच्या तक्रारी कमी नोंदल्या गेल्या की प्रशासन निर्धास्त होते आणि संस्कृतीचा अभिमान मिरवणारी मंडळीही सुखावतात. नकाशावर तो जिल्हा फिकट रंगात उमटतो. हा फिकटपणा तेथील सुखाचा, की तक्रार ऐकून घेणारे कोणीच नसल्याचा, हे मात्र सहसा विचारले जात नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. देशाची सरासरी २९.३ टक्के, तर शेजारच्या कर्नाटकात ४४.४ टक्के. त्याहून भीषण आकडा मौनाचा आहे. हिंसा सोसलेल्या देशभरातील स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली नाही, कोणाला सांगितलेही नाही. ज्यांनी मागितली, त्यांतील बहुतेकींनी माहेरचे दार ठोठावले. पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या अगदी थोड्या. आणि हे आकडे राज्यापुरतेच. सर्वेक्षणातील हा भाग जिल्हानिहाय आकडे देतच नाही. मग गडचिरोलीचे दुःख पुण्याच्या सरासरीत विरून जाते.

या विषयावर दोन पक्ष हिरिरीने बोलतात. तथाकथित पुरोगाम्यांना असा प्रत्येक आकडा हिंदू कुटुंबव्यवस्थेविरुद्धचे आरोपपत्र वाटतो. दुसऱ्या बाजूला, झाकली मूठ सव्वा लाखाची मानणाऱ्या स्वकीयांना तोच आकडा संस्कृतीच्या बदनामीचे कारस्थान वाटतो. सिरोंच्यातील मार खाणाऱ्या स्त्रीला या दोन्ही पक्षांचा काडीइतका उपयोग नाही. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाटच बंद. कडेवर मूल आणि रिकामा हात घेऊन निघालेल्या स्त्रीने जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे कसे? (बसचे भाडे कोण देणार, हा प्रश्न परिसंवादांत निघत नाही.)

कायद्याची उणीव नाही. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. अर्जाची पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत व्हावी आणि तेथून साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे त्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात जुलै २०२२ मध्ये देशभर ४ लाख ७१ हजारांहून अधिक प्रकरणे प्रलंबित होती. कायद्याचा कणा असलेला संरक्षण अधिकारी अनेक ठिकाणी अन्य कामांच्या ओझ्याखालचा. काही राज्यांनी तर महसूल अधिकाऱ्यांनाच ही टोपी घातली. निर्भया निधीतून २०१५ पासून उभी राहिलेली ‘सखी’ केंद्रे उपयुक्त खरीच, पण त्यांची आखणी जिल्हा धरून झाली. महाराष्ट्रात जिल्हे ३६ आणि तालुके ३५८! अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच राज्यांना सांगावे लागले की, जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी सहा आठवड्यांत नेमा. जे वीस वर्षांपूर्वीच्या कायद्यातूनच उघड होते, त्यासाठी न्यायालयाने घड्याळ लावावे, हे कोणत्याही पक्षाच्या सरकारला भूषणावह नाही.

शासनाला दोष देऊन हात झटकणेही सोपे आहे. वस्तुतः याच कायद्याच्या कलम १० ने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांना ‘सेवा प्रदाता’ म्हणून पुढे येण्याची मुभा दिली आहे. अशी संस्था पीडितेच्या संमतीने घटनेचा अहवाल नोंदवून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवू शकते, वैद्यकीय तपासणी करवू शकते, निवारा मिळवून देऊ शकते. लक्ष्मीबाई केळकरांनी १९३६ साली वर्ध्यात स्त्रियांचे संघटन उभे केले, तेव्हा अशा कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. आज तो आहे. वनवासी पाड्यांपर्यंत पोहोचलेल्या, वसतिगृहे आणि आरोग्यकेंद्रे चालवणाऱ्या किती संस्थांनी ही नोंदणी केली? ‘कुटुंब हा राष्ट्राचा पाया’ हे वाक्य प्रत्येक बौद्धिकात येते. त्या पायाखाली चिरडली जाणारी सून मात्र ‘घरगुती बाब’ ठरते. माहेरी परतलेल्या लेकीला समजूत घालून पुन्हा त्याच घरी धाडणारे वडील आपल्याच वस्तीत राहतात, आपल्याच उत्सवांत पुढे असतात.

नकाशा भरायचा तर तो गावातूनच भरला जाईल. आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, तो कोठे बसतो, रात्री दहा वाजता आसरा देणारे जवळचे घर कोणते, १८१ हा क्रमांक फिरवल्यावर मदत तेथवर किती वेळात पोहोचते, हे प्रश्न आहेत चारच. तहसील कचेरीत जाऊन ते विचारण्यास एक दुपार पुरेशी आहे.