पहिल्या घराला मुद्रांकाचा भार

पुण्यात ८० लाखांचा टू बीएचके घ्यायचा, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज मिळते जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ६४ लाख. उरलेले १६ लाख पदरचे. शिवाय सात टक्के मुद्रांक शुल्क, ५ लाख ६० हजार. घर महिलेच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. हे शुल्क कर्जाच्या हिशेबात धरतच नाहीत.

मग आईच्या पाटल्या रुमालात गुंडाळून सराफाकडे जातात.

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साडेपंचावन्न हजार. पगाराच्या निम्म्यापलीकडे हप्ता बँका सहसा जाऊ देत नाहीत, म्हणजे नवरा-बायको दोघांचे मिळून लाखावर हातात यायला हवेत. राहण्यासाठी घेतलेल्या पहिल्या घराचे मुद्रांक शुल्क राज्य सरकारने निम्मे करावे, निदान हप्त्यांनी तरी घ्यावे.