झाकण, वाफ आणि विवेक

पर्यावरणाचा विषय निघाला, की काय विकत घ्यावे आणि काय घेऊ नये याचीच चर्चा अधिक होते. कापडी पिशवी वापरावी, हंगामातील भाजी आणावी, प्लॅस्टिक टाळावे. हे सारे योग्यच आहे. पण घरात आलेली वस्तू आपण वापरतो कशी, हा प्रश्न मागे पडतो. माझे मत असे, की घरातील विवेकाची खरी कसोटी दुकानात नव्हे, तर शेगडीपाशी लागते. आणि त्यासाठी शाळेतले भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

समजा, पातेल्यात ३०° सेल्सिअस तापमानाचे १ लिटर पाणी आहे. ते १००° पर्यंत तापवण्यास ७० किलोकॅलरी उष्णता लागते. एकदा उकळी फुटली, की ज्योत कितीही मोठी केली तरी उघड्या भांड्यातील पाण्याचे तापमान वाढत नाही. बटाटे काही लवकर शिजत नाहीत. वाफ मात्र जास्त होते. आणि ही वाफ फार महाग! १ ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. म्हणजे केवळ १३० ग्रॅम पाणी उडून गेले, तरी लिटरभर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता खर्च होते.

आता हिशेब करू. एखाद्या घरात रोज पाव लिटर पाणी विनाकारण वाफ होऊन जाते असे धरू. त्यासाठी १३५ किलोकॅलरी लागल्या. १ किलो गॅस जळून सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. त्यातील दोनतृतीयांश भांड्याला पोचली असे मानले, तर रोज सुमारे १८ ग्रॅम गॅस वाया गेला. वर्षाचे झाले साडेसहा किलोंहून अधिक. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. जवळजवळ अर्धे सिलिंडर आपण हवेत सोडले!

उपाय काय? उकळी येताच आच मंद करावी आणि झाकण ठेवावे. उतू जाण्याची भीती असेल तर ते किंचित कलते ठेवावे. डाळ आधी भिजवावी. कुकरमध्ये वाफ कोंडल्याने दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२०° ला उकळते, म्हणून अन्न लवकर शिजते. शिट्टी म्हणजे बाहेर पडणारी जादा वाफ. तेव्हा पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून शिट्ट्यांऐवजी मिनिटे मोजणे बरे. बासुंदी आटवायची असेल तर गोष्ट वेगळी. तेथे पाणी उडवणे हाच हेतू असतो.

कोणी म्हणेल, कारखाने एवढे इंधन जाळतात, तेथे आमच्या झाकणाने काय होणार? एका झाकणाने हवा शुद्ध होणार नाही, हे मान्य. कारखान्यांकडून हिशेब मागितलाच पाहिजे. पण जो स्वतःचा हिशेब मांडायला शिकला, तोच दुसऱ्याचा तपासू शकतो. शिवाय आपल्या देशाला लागणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून अधिक परदेशातून आणावा लागतो, आणि सिलिंडर परवडत नाही म्हणून आजही अनेक घरांत स्त्रिया चुलीच्या धुरात बसतात. ज्या वस्तूचा असा तुटवडा आहे, ती निष्काळजीपणे उधळणे हा केवळ पैशाचा प्रश्न राहत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. काटकसरीचा उपदेश बहुधा घरातील स्त्रीलाच केला जातो, आणि गरम जेवण वेळेवर हवे असते सर्वांना! हा न्याय नव्हे. डाळ भिजत घालणे, आच मंद करणे ही कामे मुलग्यांनीही अंगावर घ्यावीत.

शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करून घ्यावा. एकाच पातेल्यात समान पाणी घेऊन मंद आचेवर १० मिनिटे उकळावे. एकदा उघडे, एकदा झाकून. दोन्ही वेळा नंतर झाकून निवू द्यावे आणि वजनातील घट नोंदवावी. लहान विद्यार्थ्यांनी मोठ्यांना सोबत घ्यावे. आलेले आकडे वर्गातील फळ्यावर लिहा आणि मगच आपल्या घरचा वर्षाचा हिशेब मांडा.